इथे कोणी आहे का?

कारखान्यातली झाडून सगळी माणसं तिला सूनबाई म्हणत. कारण एवढंच, की ती मिस्त्रींची सून होती, आणि मिस्त्री हे त्या कारखान्यातलं सर्वात जुनं आणि सर्वात जास्त आवाज करणारं यंत्र होतं. कारखाना म्हणजे तरी काय? खाली एक लांबडी खोली, वर जिन्याच्या टोकाला एक आखूड खोली. खालच्या खोलीत अंडी उबवायची यंत्रं तयार होत. बारा अंड्यांचं, चोवीस अंड्यांचं, आणि हौस फारच उतू जात असेल तर साठ अंड्यांचं. वरच्या खोलीत सूनबाई, एक कॉम्प्युटर आणि फोरम.

फोरम ही सूनबाईची जहागीर. यंत्र विकत घेतलेली माणसं तिथे, म्हणजे कारखान्याच्या वेबसाइटवर, येऊन प्रश्न विचारत. अंडी दिवसातून किती वेळा फिरवायची, पाणी किती घालायचं, मांजर यंत्रावर चढून झोपते तर ते चालेल का. आणि प्रत्येकाला उत्तर मिळायचं, तेही असं नीटनेटकं, की वाचणाऱ्याला वाटावं कारखान्यात तज्ज्ञांची फौज बसलीय. ही फौज म्हणजे सूनबाईचे दोन गुडघे. प्रश्न आला की ती तो चिठ्ठीवर उतरवायची, बावीस पायऱ्या उतरायची, मिस्त्री हातातली कानस खाली ठेवेपर्यंत उभी राहायची, उत्तर ऐकायची, बावीस पायऱ्या चढायची आणि टाइप करायची. दिवसातून आठ-दहा वेळा. अशी नऊ वर्षं झाली.

मिस्त्रींना या प्रकाराचं काडीचंही कौतुक नव्हतं. "ज्याला खरंच अडलंय तो फोन करतो," ते म्हणत. "बाकीच्यांचा वेळ जात नाही, म्हणून लिहीत बसतात." नऊ वर्षांत ते एकदाही वर आले नव्हते. घरी मात्र जेवताना हळूच विचारायचे, "त्या मांजरवाल्याचं काय झालं गं?" सूनबाई सांगायची. ते मान डोलवायचे आणि पुन्हा वाटीत बघायचे.

सगळं बरं चाललं होतं, पण सूनबाईची धाकटी बहीण बाळंत झाली आणि सूनबाई चार दिवस रजेवर गेली. आली तेव्हा फोरमवर एकोणीस प्रश्न तोंड वासून बसलेले. सगळ्यात वर कुणीतरी लिहिलं होतं, "इथे कोणी आहे का?" त्याच्याखाली शून्य उत्तरं. आणि दुर्दैव असं, की हे सूनबाईच्या आधी मालकीणबाईंनी वाचलं होतं.

मालकीणबाई शब्दाच्या पक्क्या होत्या आणि रागाच्याही. "माझ्या दुकानाबाहेर उभं राहून माणूस हाका मारतोय आणि आत कुणी नाही. अशी लाज काढून घेण्यापेक्षा दुकान बंद केलेलं काय वाईट?" त्यांनी सांगून टाकलं. "एकतीस तारखेला फोरम बंद. सगळं पुसून टाकायचं. तू खाली ये लेबलांच्या टेबलावर."

सगळं पुसून टाकायचं. नऊ वर्षांचे प्रश्न, नऊ वर्षांची उत्तरं, पहिलं पिल्लू बाहेर आल्यावर लोकांनी टाकलेले फोटो, ते मांजर. लेबलं चिकटवायला सूनबाईची ना नव्हती. पण फोरम जाणार म्हटल्यावर तिला असं वाटलं, की आपलं कुणीतरी घरातून निघालंय आणि आपण नुसत्या दारात उभ्या आहोत.

त्या दिवशी जिना उतरताना तिला सुचलं. खाली सहा माणसं काम करत होती आणि सहाही जणांचा अर्धा डोळा कायम मोबाइलवर असे. कारखान्याचा चॅटवर एक ग्रुप होता. त्यात दिवसभर चाले ते असं: "बारा नंबरचा पाना कुणी नेला?" "मी नाही." "मीही नाही." "तुझ्या खिशात बघ." "सापडला." या ग्रुपवर हाक मारली आणि ओ मिळाली नाही, असं कधी झालं नव्हतं. मग फोरमचा प्रश्न थेट तिथेच जाऊन पडला तर?

"मला एक संधी द्या," ती मालकीणबाईंना म्हणाली. "मी फोरम आपल्या ग्रुपला जोडते. प्रश्न आला की सगळ्यांच्या खिशात वाजेल."

मालकीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "ठीक आहे. एकतीस तारखेला दुपारी दोननंतर जो पहिला प्रश्न येईल, तो. पंधरा मिनिटांत त्या माणसाला पक्कं उत्तर मिळालं तर फोरम राहील. सोळावं मिनिट लागलं तर नाही. घड्याळ मी लावणार."

सूनबाईने तीन दिवस या जोडणीचं वाचून काढलं. वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं. चॅटच्या ॲपमध्ये जाऊन एक पत्ता तयार करायचा, हा एवढा लांबलचक, अक्षरं आणि आकडे यांची नुसती खिचडी. तो उचलून फोरमच्या सेटिंगमध्ये नेऊन चिकटवायचा. मग फोरमवर कुणी काही लिहिलं, की फोरम ते आपणहून त्या पत्त्यावर धाडणार, आणि ग्रुपमध्ये सगळ्यांना नोटिफिकेशन जाणार. शेवटी एक बटण होतं: चाचणी संदेश पाठवा.

एकतीस तारखेला सकाळी तिने ते बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. पत्ता तपासला तर शेवटचं अक्षर उचलायचं राहून गेलेलं, एवढंसं शेपूट. ते जोडलं, देवाचं नाव घेतलं आणि दाबलं.

टिंग.

तिच्या मोबाइलवर वाजलं आणि त्याच क्षणी खालून, जिन्याच्या तळातून, टिंग टिंग टिंग. कुणाच्या खिशात, कुणाच्या डब्याशेजारी, कुणाच्या खोक्यावर. सूनबाई खुर्चीतून उडालीच. बावीस पायऱ्या ती कशी उतरली हे तिचं तिलाही कळलं नाही. गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही.

"हा फोरम कोण?" वायरमन मोबाइलकडे बघत विचारत होता. "म्हणतोय, चाचणी यशस्वी. याला ग्रुपमध्ये कुणी घेतलं?"

"मी घेतलं! मीच घेतलं!" सूनबाई ओरडली. लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होती ती. पॅकिंगवाल्या मावशी हसत सुटल्या. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवून मोबाइल हातभर लांब धरला, वाचलं आणि म्हणाले, "वाजतंय तर खरं." मिस्त्रींकडून एवढं म्हणजे पदकच.

दोन वाजले. मालकीणबाई खालीच खुर्ची टाकून बसल्या. एका खांद्यावर फोनचा रिसीव्हर दाबलेला, पलीकडे थर्माकोलवाला. त्याच्याशी त्यांची घासाघीस एकदा सुरू झाली की तासभर कारखान्याचा फोन कुणाला लागत नसे. समोर टेबलावर घड्याळ. सूनबाई मिस्त्रींच्या टेबलापाशी उभी होती, तिथे त्यांची लाकडी अंडी ओळीने मांडलेली असत. खऱ्या अंड्याएवढी, पोटात भोक पाडून थर्मामीटर बसवलेली. नवीन यंत्र तपासायला आधी ही अंडी आत जायची. सूनबाई त्यातलं एक हातात घेऊन नुसतं फिरवत होती. फोरमवर दुपारी कोणी येतं का? कधी येतं, कधी नाही. आज येऊ दे.

दोन एक्केचाळीसला टिंग झालं. सहा माना एकदम खाली गेल्या.

"मी चौथीच्या वर्गाची बाई. बारा अंड्यांचं यंत्र, गोल झाकणाचं. आज एकविसावा दिवस. तीन अंड्यांना चोच लागलीय, तडे गेलेत, आतून आवाज येतोय. काल अंडी फिरवायचा ट्रे काढून अंडी जाळीवर ठेवली. आज तापमान उतरत चाललंय, साडेसदतीसवरून छत्तीसच्याही खाली. ऊब देणारा दिवा मात्र सारखा चालू आहे. फोन करतेय, लागत नाहीये. चौतीस मुलं भोवती उभी आहेत. कोणी असाल तर सांगा, काय करू?"

मग जे झालं ते सूनबाईने नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. कानशी खाली पडल्या. वायरमनने लिहिलं, "प्लग हलवून बघा." मावशींनी लिहिलं, "आधी मुलांना मागे सरकवा, पिल्लं घाबरतात." कुणीतरी लिहिलं, "गोल झाकण म्हणजे जुनं मॉडेल." मालकीणबाईंनी थर्माकोलवाल्याला तसाच लोंबकळत ठेवून एका बोटाने लिहिलं, "बाई, घाबरू नका, आम्ही आहोत." खोलीत असा गलका, की लग्नघर बरं.

मिस्त्रींनी मात्र चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. ते पुन्हा वाचत होते. एकदम त्यांचा चेहरा बदलला.

"दिवा सारखा चालू आणि तापमान कमी?" ते म्हणाले. "गार नाही झालंय ते! तापलंय!"

"म्हणजे?" सूनबाईला कळेना.

"अगं, ट्रे काढला की आतली वायर मोकळी सुटते. तापमान मोजणारी. झाकणाला आकडा आहे, त्यात ती अडकवायची असते. नाही अडकवली तर खाली पाण्यात लोळते. ओली वायर खोटं गार दाखवते. यंत्राला वाटतं थंडी वाजतेय, ते बिचारं दिवा लावूनच ठेवतं. अंडी शिजतील अशाने!"

आणि मिस्त्री, ज्यांनी आजवर या ग्रुपवर "पाना कुणी नेला" यापलीकडे काही लिहिलं नव्हतं, ते उजव्या हाताच्या एका जाड बोटाने लिहायला लागले. अक्षर चुकलं की शिवी, शिवी झाली की पुढचं अक्षर. "बाई वायर पाण्यात आहे. कोरड्या फडक्याने पुसा. झाकणाच्या आकड्यात अडकवा. दुसरं थर्मामीटर ठेवून बघा. वरून काही झाकू नका." शिवाय त्यांनी जुनं झाकण शोधून आणून आकड्याचा फोटो काढला. फोटोत आकडा कमी आणि अंगठा जास्त होता, पण होता. पाठवला. दोन वाजून पन्नास मिनिटं.

"नऊ मिनिटं!" सूनबाई किंचाळली. "नऊच मिनिटं!"

वायरमनने स्क्रू ड्रायव्हरने पत्र्यावर ताल धरला. मावशींनी सूनबाईचे दोन्ही हात धरून तिला गरकन फिरवलं. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर हसू येऊ की नको करत होतं. मिस्त्री आपल्या मोबाइलकडे बघत बसले होते, जणू त्यांनीच तो बनवलाय. सूनबाईला इतका आनंद झाला, की तिला रडूच यायला लागलं. चाललं! फोरम राहिला! आता जिना नको, चिठ्ठ्या नकोत, आणि मुख्य म्हणजे पुसून टाकणं नको.

तीन वाजून दोन मिनिटांनी पुन्हा टिंग झालं. सगळे पुढे झुकले, पिल्लाची बातमी असणार म्हणून.

"कोणीच उत्तर देत नाहीये," चौथीच्या बाईंनी लिहिलं होतं. "मुलांनी आपापले स्वेटर काढून दिलेत. यंत्रावर घालतेय. आणखी काही सुचत नाही."

खोली गार पडली.

"उत्तर देत नाहीये?" वायरमन म्हणाला. "वीस उत्तरं दिलीयत तिला!"

"वाचत नाहीये ती!" मिस्त्री ओरडले आणि बोट आपटत लिहायला लागले, "स्वेटर काढा! स्वेटर नको!" मावशींनीही लिहिलं, "स्वेटर नको." मालकीणबाईंनीही लिहिलं. स्वेटर नको, स्वेटर नको, सगळा ग्रुप भरून गेला.

सूनबाई मोबाइलकडे बघत होती, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फोरमवरचं इकडे येत होतं. इकडचं तिकडे जात नव्हतं. तिने बसवला होता तो एकाच बाजूचा रस्ता. पत्ता एकच, आणि तोही इकडचाच. गेली वीस मिनिटं हे सगळे जण घराची दारं-खिडक्या लावून आत बसून परगावच्या माणसाला ओरडून सांगत होते, आणि ती बाई तिकडे एकटी, चौतीस मुलांमध्ये, कोऱ्या पानाकडे बघत उभी होती. शून्य उत्तरं.

"तिला यातलं काहीच दिसत नाही!" सूनबाई म्हणाली. "एक अक्षर नाही! फोरमवरच लिहायला पाहिजे!"

"मग लिही ना!"

फोरमचा पासवर्ड वरच्या कॉम्प्युटरच्या पोटात होता. नऊ वर्षांत तिला तो एकदाही टाकावा लागला नव्हता, आणि आता तो काय होता हे देवालाच ठाऊक. चौथीच्या बाईंचा नंबर कुणाकडे असणार? फोरमवर नंबर कुणाचाच नसतो. सूनबाई पळाली. चार, नऊ, तेरा. तेराव्या पायरीवर तिला मागे धापा ऐकू आल्या. वळून पाहिलं तर मिस्त्री, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात ते झाकण.

"बाबा, तुम्ही कशाला?"

"चल पुढे! वळून काय बघतेस!"

ती खुर्चीत आदळली, ते मागे उभे राहून सांगत गेले, ती बडवत गेली. या वेळी शुद्ध भाषा वगैरे काही नाही. "स्वेटर लगेच काढा. यंत्र गार नाही, जास्त तापलंय. वायर पाण्यातून काढा, कोरडी पुसा, झाकणाच्या आकड्यात अडकवा. दुसरं थर्मामीटर असेल तर आत ठेवा. आम्ही इथेच आहोत." पाठवलं. तीन वाजून पाच मिनिटं.

मग वाट बघणं. मिस्त्रींची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. दारात वायरमन, मावशी, बाकीचे, आणि सगळ्यात मागे मालकीणबाई. थर्माकोलवाला एकदाचा सुटला होता. आखूड खोलीत आठ माणसं मावत नाहीत, पण मावली. स्क्रीनवर नुसती रेघ लुकलुकत होती.

"उशीर झाला असेल का हो?" सूनबाईने हळूच विचारलं.

मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. घरी, बाहेर, कुठेही त्यांनी असं आजवर केलं नव्हतं. "चोच लागलेलं पिल्लू चिवट असतं," ते म्हणाले.

तीन वाजून अकरा मिनिटांनी आठ मोबाइल एकदम वाजले, त्या एवढ्याशा खोलीत.

"वायर पाण्यातच होती. स्वेटर काढले. दुसऱ्या थर्मामीटरवर साडेएकोणचाळीस! आता उतरतंय. मुलं म्हणतायत, आवाज अजून येतोय."

कुणी हुश्श केलं नाही. अजून नाही. मिस्त्री म्हणाले, "अर्धा तास थांबा," आणि सगळे थांबले. मावशी जमिनीवर बसल्या. कुणाला खाली कामाला जा म्हणायचं मालकीणबाईंना सुचलं नाही, की सुचूनही त्या बोलल्या नाहीत. सदतीस आठ, असं आलं. मग सदतीस सहा. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग पावणेचारला:

"एक बाहेर आलं!!! ओलं आहे, कुरूप आहे आणि भयंकर ओरडतंय! दुसऱ्याचं डोकं दिसतंय! मुलं वर्गात नाचतायत, मला आवरत नाहीयेत, मीही नाचतेय!"

त्या आखूड खोलीत जो आरडाओरडा झाला त्याने खिडकीच्या काचा थरथरल्या. वायरमनने मिस्त्रींना मिठी मारली. मिस्त्रींनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि "धूळ किती आहे गं वर," असं म्हणाले. सूनबाई हसत होती, रडत होती, आणि मावशी तिला हलवत होत्या.

मग मालकीणबाईंनी घड्याळ पुढे धरलं आणि गलका थांबला.

"चोवीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "पंधरा ठरली होती."

सूनबाईने मान खाली घातली. "हो. चूक माझी. दुसऱ्या बाजूचा रस्ता बसवायचा राहिला."

"तुझी एकटीची?" मालकीणबाईंनी ग्रुप उघडून सगळ्यांना दाखवला. "हे बघ. 'आम्ही आहोत' म्हणून मी लिहिलंय. कुणाला लिहिलंय? तुम्हालाच. तुम्ही माझ्यासमोर बसला होतात." त्यांनी मोबाइल खाली घेतला. "नऊ वर्षं ही जिना चढउतर करत होती, तो दुसऱ्या बाजूचा रस्ता म्हणजे ही होती. आपल्याला कुणालाच ते कळलं नाही."

मिस्त्री खाकरले.

"मला तिथे खातं उघडून दे," ते म्हणाले.

"कुठे, बाबा?"

"तिथे. फोरमवर. माझं. मोबाइलवरच दे. म्हणजे वाजलं की मी सरळ तिथेच लिहीन. सगळ्यांना दे." मग मालकीणबाईंकडे न बघता, "बंद करायचं असेल तर करा. पण बाकीची अंडी अजून आत आहेत. ती बाई पुन्हा विचारेल."

मालकीणबाईंनी घड्याळाची चावी फिरवल्यासारखं केलं आणि ते खिशात टाकलं. "एकतीस तारीख दर महिन्याला येत नाही," त्या म्हणाल्या. "बघू पुढच्या वेळी." आणि त्या बाकीच्यांना घेऊन खाली निघून गेल्या. जाताना जिन्यावरून ओरडल्या, "माझंही खातं उघड!"

सूनबाईने पहिलं खातं मिस्त्रींचं उघडलं. नाव काय घालू विचारलं तर ते म्हणाले, मिस्त्रीच घाल, दुसरं कोण ओळखतंय. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला आणि फोरमची यादी अंगठ्याने खाली ढकलत, ढकलत गेले. पिल्लांची पानं गेली, मांजराचं पान गेलं, मध्येच हसले. मग एका जागी थांबले. चार दिवसांच्या रजेतल्या त्या ओळीवर. सूनबाईने बाकीच्या अठरा जणांना उत्तरं दिली होती. या एकाला काय लिहायचं ते तिला कधी सुचलंच नव्हतं.

मिस्त्रींनी चष्मा खाली घेतला. एक जाड बोट वर केलं. या वेळी अक्षर चुकलं नाही.

टिंग, झालं खाली. टिंग टिंग टिंग, सगळ्यांच्या खिशात, आणि सूनबाईच्या हातात. तिने पाहिलं.

"इथे कोणी आहे का?" त्याच्याखाली, एक उत्तर. मिस्त्री: "आहे. बोला."